लेझरने तापून वाकणारी पट्टी परत सरळ होत नाहीये, मदत हवी आहे

कॉलेज प्रोजेक्टसाठी कागदावर ६बी पेन्सिल गच्च घासून मागे सेलोटेप लावलाय, पट्टी २० मिमी लांब, ३ मिमी रुंद. ८०८ नॅनोमीटरचा लेझर मारला की ग्रॅफाइट तापतं, टेप जास्त प्रसरण पावते आणि पट्टी कागदाच्या बाजूला मस्त वळते, पण लेझर बंद केल्यावर अर्धी लगेच सरळ होते आणि उरलेला बाक दोन-तीन मिनिटं तसाच. नाशिकला सध्या धो धो पाऊस, त्यामुळे कागदातला ओलावा उडून सावकाश परत येतोय असं वाटतंय. हेअर ड्रायरने वाळवून बघितलं, थोड्या वेळाने परत तेच. कागदाऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉईल घेतली तर उष्णता पसरते, पट्टी जेमतेम हलते. सेफ्टी गॉगल आहे, पॉवर वाढवायची नाहीये. कॅप्टॉन टेपचं (उष्णता सहन करणारी पॉलिइमाइड प्लास्टिकची टेप) प्रसरण दर अंशाला साधारण २० पीपीएम (लांबीच्या दहा लाखात २० भाग), सेलोटेपपेक्षा बरंच कमी, तर कागदाच्या जागी ती चालेल का, आणि त्या गुळगुळीत फिल्मवर ग्रॅफाइट बसवायचं कसं?