रेडिओ ऑटोमेशनची मार्गदर्शिका: कामांप्रमाणे लिहायची की मॉड्यूलप्रमाणे?

पूर्वभागकर
सोलापुरात कम्युनिटी रेडिओ चालवण्यासाठी आमच्या गटाने रिव्हेन्डेल हे कार्यक्रम आपोआप वाजवणारं सॉफ्टवेअर निवडलंय. लिनक्सवर चालतं, जीपीएल हा मुक्त परवाना आहे, पैसे लागत नाहीत. आता त्याची मराठी मार्गदर्शिका लिहितोय आणि अनुक्रमणिकेवरच वाद पेटलाय. काहींना आरडीअॅडमिनपासून, म्हणजे सेटिंग्जच्या भागापासून, सुरुवात करून सॉफ्टवेअरचं एकेक मॉड्यूल समजावत जायचंय. माझा ठाम विरोध आहे. पुस्तिका कामांप्रमाणेच हवी.

ती उघडणार कोण? दिवसभर विड्या वळून संध्याकाळी ड्युटीवर येणारी आमची स्वयंसेविका. मराठी-तेलुगू दोन्ही भाषांत माईकवर सहज बोलते. डेटाबेस कसा बसवला याच्याशी तिला देणंघेणं नाही, पण रात्री बाराला प्रक्षेपण का थांबलं हे कळलंच पाहिजे. लॉग म्हणजे दिवसभरात काय कोणत्या क्रमाने वाजणार याची यादी. रोजच्या लॉगच्या शेवटची ओळ पुढच्या दिवसाच्या लॉगकडे नेते. लॉग बनवणाऱ्या आरडीलॉगमॅनेजरमध्ये उद्याचा लॉग तयारच केला नसेल, तर बारानंतर वाजायला काही उरत नाही. म्हणून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हेच हवं: निघण्याआधी उद्याचा लॉग आहे का ते पाहा.

गड्डा यात्रेच्या सूचनांचंही तेच. आवाजांचा साठा असलेल्या आरडीलायब्ररीत त्या कटला, म्हणजे ध्वनिमुद्रणाला, शेवटची तारीख घातली की यात्रा संपल्यावर तो आपोआप वाजायचा थांबतो. हे ‘यात्रेची सूचना कशी लावावी’ या नावाखाली सापडलं पाहिजे. कट संपादनाच्या प्रकरणात ते कोण शोधणार?

होटगीरोड
तुमची तळमळ पटते, मार्ग पटत नाही. नुसत्या पायऱ्या पाठ केलेला माणूस एक पायरी चुकली की अडकतो. कार्ट आणि कट यांतला फरक आधी समजलाच पाहिजे. कार्टला क्रमांक असतो आणि लॉगमध्ये कार्ट लागते. प्रत्यक्ष आवाज असतो कटमध्ये, आणि एका कार्टमध्ये अनेक कट राहू शकतात. पाणीपुरवठ्याची सूचना मराठी, कन्नड आणि तेलुगूत केली, तर एकाच कार्टमध्ये तीन कट ठेवून ते आळीपाळीने वाजवता येतात. हे ज्याला माहीत नाही तो तीन कार्ट करणार आणि लॉगमध्ये एकच लावणार. बाकी दोन भाषांचे श्रोते बसले वाट बघत.

दुसरं, ट्रान्झिशन, म्हणजे लॉगमधल्या एका ओळीवरून पुढच्या ओळीवर कसं जायचं ते. ओळीला ‘प्ले’ असेल तर आधीचं संपल्यावर ती सुरू होते, ‘सेग्वे’ असेल तर आधीच्याच्या शेपटावर चढते आणि ‘स्टॉप’ असेल तर गाडी तिच्या अलीकडेच थांबते, लॉग वाजवणारं आरडीएअरप्ले ऑटो मोडवर (आपोआप चालू) असलं तरी. एकदा समजलं की दहा अडचणी आपोआप सुटतात. तुमच्या पद्धतीने या दहा अडचणींची दहा पानं होतील.

विजापूरवेस
पुस्तिकाच कशाला? शेजारी बसवून शिकवा, मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका. आमच्याकडची पोरं वाचत नाहीत, बघून शिकतात.

पूर्वभागकर
@विजापूरवेस, शिकवायचं तर आहेच. पण शिकवणारा रात्री तिथे नसतो, आणि प्रक्षेपण बंद पडलेलं असताना वीस मिनिटांच्या व्हिडिओत नेमकी जागा कोण शोधत बसेल? कन्सोलशेजारी लॅमिनेट केलेलं पान हवंच.

@होटगीरोड, कार्ट-कट आणि ट्रान्झिशनचं तुमचं बरोबर आहे. ती दोन पानं सुरुवातीला घालू, पाण्याच्या सूचनेचं उदाहरणही घेऊ. पण ग्रिड, क्लॉक, इव्हेंट हे सगळं आधी समजावून मग कामाला हात लावू देणं मला मान्य नाही. क्लॉक म्हणजे एका तासाचा आराखडा, इव्हेंट म्हणजे त्यातला एकेक तुकडा आणि ग्रिड म्हणजे सगळ्या तासांचा तक्ता. चोवीस तासांच्या ग्रिडमध्ये प्रत्येक तासाला क्लॉक लावणं हे आठवड्याचा आराखडा आखणाऱ्याचं काम. सूचना वाचणाऱ्या बाईला त्या दारात का अडवायचं?

होटगीरोड
अडवायचं नाही, पण दार कुठे आहे ते दाखवायचं. आज जी सूचना वाचते तिनेच उद्या आठवडा आखावा, म्हणून तर कम्युनिटी रेडिओ. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत असं कम्युनिटी रेडिओचं सरकारी धोरणच सांगतं. तेवढे कार्यक्रम रोज उभे करायचे तर आखणी एक-दोघांच्या हातात ठेवून भागणार नाही. फक्त कामांची पानं देणं म्हणजे तिला कायम मदतनीस ठेवणं. याला माझा विरोध कायम आहे.

तांत्रिकमंडळी
दोघांनीही बॅकअप सोडलाय. आवाजाच्या फायलींना ०१०२०५_००१ असली नावं असतात. पहिला आकडा कार्टचा, दुसरा कटचा. शीर्षक, तारखा, लॉग सगळं डेटाबेसमध्ये. पेनड्राइव्हवर नुसत्या फायली नेल्या तर कोणता आवाज कशाचा हे कुणाला सांगता येणार नाही. डेटाबेसचीही प्रत रोज हवी. हे पान आधी लिहा, वाद नंतर घाला.

पूर्वभागकर
बॅकअपचं पान तुम्हीच लिहून द्या, लगेच घेतो. @होटगीरोड, ‘कायम मदतनीस’ हा मुद्दा मला लागला. आठवडा आखण्याचा भाग याच पुस्तिकेत घेऊ, वेगळी काढणार नाही. पण कामांचा क्रम बदलणार नाही. छापण्याआधी कच्ची प्रत एका नव्या मुलीला देऊ आणि उद्याचा लॉग तयार करायला सांगू. तुम्ही मागे बसा, तोंडातून शब्द काढायचा नाही. ती जिथे अडेल ते पान तुम्ही पुन्हा लिहायचं.