पहिली-दुसरीच्या मुलांना नाचाच्या स्टेप्स शिकवायच्या की हालचाल?

हातवारे: माझं मत आधीच सांगते. या वयात बसवलेल्या स्टेप्स नकोतच. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्यतज्ज्ञाने हालचालीच्या गुणांची वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह अशी मांडणी केली. मुलांना हे शब्द सांगायची गरजच नाही. 'चिखलातून चाला' म्हटलं की पाय जड होतात, 'आता तापलेल्या वाळूवरून' म्हटलं की टाचा उचलल्या जातात. वजन आणि वेळ दोन्ही आले! 'एक-दोन-तीन-चार' करणारं मूल मात्र शेजारच्याकडे बघत अर्धा ठोका मागे असतं.

जुना_मास्तर: छान कल्पना. चाळीस मुलांच्या वर्गात करून बघा. मोकळं सोडलं की चार जण एकमेकांवर आदळतात, सहा भिंतीला चिकटतात आणि उरलेले पळत सुटतात. लाजऱ्या मुलाला ठरलेल्या स्टेपचाच आधार असतो. घोकंपट्टीला एवढी नावं ठेवू नका, पाढे तसेच आले ना आपल्याला?

हातवारे: मोकळं सोडा असं म्हटलंय कुठे? डफ थांबला की पुतळा, हा पहिल्या दिवसाचा नियम. मग हात पसरून जागच्या जागी गोल फिरायचं. कोणाला हात लागला नाही तर तेवढी जागा आपली. एवढ्यात दोन तासिका जातात, हे मान्य.

उलटी_चप्पल: मी पालक. आमच्याकडे भांडण वेगळंच. बाई समोर तोंड करून 'उजवा हात' म्हणत स्वतःचाही उजवाच वर करतात, म्हणजे मुलांना दिसतो डावीकडचा. लेक घरी येऊन म्हणते, मला नाच येत नाही. अहो, समोर उभं राहिलात तर आरशासारखा डावा उचला की!

घाम_गाळा: तुमचं चालू द्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. पुतळे करून दम लागतो का? त्यापेक्षा मैदानावर सोडा.

हातवारे: वाळूवरून तीन फेऱ्या मारून या, मग बोलू. शिवाय मैदानात चेंडू ज्याच्याकडे असतो तोच पळतो, बाकीचे कडेला उभे.

जुना_मास्तर: पुतळ्याचा नियम उद्याच लावतो. वार्षिक कार्यक्रमाला मात्र स्टेप्सच बसवणार. चिखलातून चालणं बघायला पालक येत नाहीत हो.