शेतमजुरांच्या सेफ्टी ट्रेनिंगने खरंच फरक पडतो का?

रानवाट:
सहा वर्षं मी फवारणीवरच्या मजुरांचे क्लास घेतेय आणि आता माझं स्पष्ट मत झालंय की यातलं निम्मं काम फोटोपुरतंच असतं. दोन तास बसवायचं, मास्क नि हातमोजे वाटायचे, सह्या घ्यायच्या, झालं. भर उन्हात तो जाड सूट घालून पंप पाठीवर घेतला की माणूस आतल्या आत उकडतो, मग काढून ठेवतो, त्यात त्याची काय चूक? एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न नि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या कीटकनाशकांच्या आचारसंहितेतच म्हटलंय की ज्या औषधाला असलं त्रासदायक, महागडं संरक्षण लागतं ते उष्ण भागात मजुरांच्या नि छोट्या शेतकऱ्यांच्या हातात देणं टाळा. मग आधी ती जहाल औषधं बंद करा ना!

साधी_नर्स:
अजिबात पटलं नाही. बंदी येईल तेव्हा येईल, आज फवारतोय त्याचं काय? विष तोंडानाकातून जातं एवढंच लोकांना माहीत असतं, गळक्या पंपाने पाठ भिजली की ते कातडीतूनही आत जातं हे कुणी सांगितलेलंच नसतं. ऑर्गनोफॉस्फेटची, म्हणजे एका जहाल कीटकनाशक गटाची, बाधा झाली की दरदरून घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, आणि सोबतचे म्हणतात ऊन लागलंय, झोपव झाडाखाली. तिथेच वेळ जातो. भिजलेले कपडे लगेच उतरवा, साबणाने अंग धुवा, डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा, हे सांगायला दहा मिनिटं लागतात हो.

तिसरा_बांध:
ताई, शिकवलं तरी तो थांबणार कसा? मजुरी पंपावर ठरलेली असली की हात धुवायला गेला तेवढे पैसे गेले. आणि काही झालं तर मालक म्हणायला मोकळा, ट्रेनिंग दिलं होतं की. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २००१ च्या १८४ नंबरच्या करारात गंभीर धोका दिसला तर काम सोडून बाजूला व्हायचा हक्क लिहिलाय, तो क्लासमध्ये कोण सांगतं? क्लास मालकाचा नि मुकादमाचा घ्या.

साधी_नर्स:
घ्या की, त्यांचाही घ्या. पण फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी खुरपायला जाणाऱ्या बायका? ते कपडे घरी धुणारी? तिला तर कुणी बोलावतच नाही.

रानवाट:
हे मात्र खरंय, माझ्या यादीत फक्त पंपवाले असतात. बंदीचं म्हणणं मी सोडत नाहीये, पण पुढच्या क्लासला मुकादमाला पहिल्या रांगेत बसवते आणि खुरपणाऱ्या बायकांना आधी निरोप देते.