योकोईंना विसरू नका
व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेंडोची गोष्ट १९८५ च्या ‘सुपर मारिओ’ गेमपासून सुरू होते, हे मला पटत नाही. कंपनी १८८९ ची, जपानच्या क्योतोमधली, हानाफुदा नावाचे खेळायचे पत्ते बनवणारी. त्याच कारखान्यात गुनपेई योकोई यंत्रांची देखभाल करायचे. फावल्या वेळात त्यांनी कात्रीसारखा लांब होऊन वस्तू पकडणारा हात बनवला. अध्यक्ष हिरोशी यामाउचींनी तो पाहिला आणि सरळ बाजारात आणायला सांगितला. १९६६ चा तो ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांवर खपला!

१९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या गेम-यंत्रामागेही योकोईच. पडदा हिरवट, रंग नाहीत, पण चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालायचा. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रंगीत गेम गिअरला सहा लागायचे, तेही भराभर संपायचे. मारिओ घडवणारे मियामोतो थोर आहेतच, पण योकोईंचं नाव इतकं मागे पडावं याचं फार वाईट वाटतं.