दर आठवड्याला एक शब्द, सहा जण. पण फोटो जिथल्या तिथेच

रिकामीचौकट: आमचा सहा जणांचा गट आहे. चौघांकडे कॅमेरा, दोघांकडे फक्त मोबाइल. रविवारी चिठ्ठी काढून शब्द ठरतो, शनिवारपर्यंत प्रत्येकाने एक फोटो टाकायचा. आतापर्यंतचे शब्द: एकांत, आठवण, आनंद, सकाळ. ‘एकांत’ला चार जणांकडून रिकामा बाक आला. प्रतिक्रिया म्हणजे ‘मस्त’ आणि अंगठे. शब्द कसे निवडावेत आणि एकमेकांचे फोटो कसे तपासावेत?

तिरपाउजेड: बाक येणारच. भावनेचं नाव दिलं की डोक्यात आधीपासून असलेलं चित्र शोधत माणूस बाहेर पडतो, आणि ते सगळ्यांच्या डोक्यात एकच असतं. निदान पहिले दोन महिने असे शब्द द्या, की कॅमेऱ्याशी झटापट केल्याशिवाय फोटो निघणारच नाही.

‘पोत’ घ्या. भिंतीचा खडबडीतपणा दिसायला उजेड भिंतीला जवळजवळ घासून जायला हवा. समोरून फ्लॅश मारला की खाचांमधली सावलीच जाते आणि भिंत कागदासारखी सपाट दिसते. घरात करायचं तर टॉर्च पृष्ठभागाला १०-१५ अंशांत धरा, कॅमेरा पृष्ठभागाला समांतर ठेवा, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ पुरे. कॅमेरा तिरका झाला की एक कोपरा फोकसबाहेर जातो.

‘पांढरं’ हा दिसायला बाळबोध शब्द, पण भलताच शिकवणारा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून हिशेब करतं, म्हणून पांढरी चादर मळकी येते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +१ पासून सुरू करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळायच्या आत थांबा. पुढच्या आठवड्यात ‘काळं’ द्या, म्हणजे तेच उलट दिशेने करावं लागेल.

‘वेग’साठी धावत्या सायकलीबरोबर कॅमेरा फिरवायचा, शटर १/३० सेकंद. क्लिक झाल्यावरही हात फिरताच राहिला पाहिजे. बहुतेकांचा नेमका तिथेच थांबतो आणि सायकलही पुसट येते. वीस फ्रेममध्ये एखादी-दुसरी जमली तरी पुष्कळ. भर उन्हात मात्र अडाल. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ला योग्य शटर १/१००च्या आसपास येतो, म्हणजे १/३०ला फोटो जवळजवळ पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजळेल. सावलीतला रस्ता शोधा किंवा लेन्सवर एनडी८ हा गडद फिल्टर लावा. तो तीन स्टॉप उजेड कापतो.

चिमटा: भावनेचे शब्द अगदीच बाद करू नका. चिठ्ठी निघाल्याबरोबर सगळ्यांनी मनात आलेली पहिली तीन चित्रं लिहायची, आणि ती त्या आठवड्यापुरती बंद. ‘एकांत’मधून बाक, खिडकी आणि पाठमोरा माणूस गेले की खरा विचार सुरू होतो.

आणि आपल्या भाषेत दोन-दोन अर्थांचे शब्द पडलेत, ते का सोडता? धार: सुरीची आणि पाण्याची. वळण: रस्त्याचं आणि अक्षराचं. पान, तार, कळ. अशा शब्दांना सहा जणांकडून सहा वेगळे फोटो यायची शक्यता बरीच वाढते.

रिकामीचौकट: मोबाइलवाल्या दोघांचं काय? शटर, अपर्चर त्यांच्या हातात नाही.

तिरपाउजेड: शटर बऱ्याच फोनमध्ये प्रो मोडमध्ये किंवा वेगळ्या कॅमेरा ॲपमधून बदलता येतो. अपर्चर मात्र बहुतेक फोनमध्ये ठरलेलंच असतं. ‘पांढरं’साठी विषयावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग उजेडाची पट्टी वर सरकवा. ‘धूसर’सारखा शब्द आला तर पोर्ट्रेट मोड (मागचं कृत्रिमपणे पुसट करणारा) टाळा, केस आणि चष्म्याच्या कडा तो हमखास चुकवतो. मुख्य लेन्सने, फोकस बसेल तितकं जवळ जा आणि मागची पार्श्वभूमी लांबची निवडा. चिमटीने झूम करू नका; मुख्य लेन्सच्या पुढे तो बहुतेक वेळा नुसता क्रॉप असतो. पाय वापरा.

गाळणी: तपासणीबद्दल. फोटो टाकणाऱ्याने सगळ्यांचं लिहून होईपर्यंत गप्प बसायचं. ‘मला असं दाखवायचं होतं’ हे आधी कळलं की बाकीचे फोटो बघणं सोडून हेतू बघतात. प्रत्येकाने दोनच गोष्टी लिहायच्या: नजर आधी कुठे गेली, आणि चौकटीतलं काय काढलं तरी बिघडणार नाही. पाचपैकी तिघांची नजर मागच्या लाल बादलीवर गेली असेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही.

निवडलेल्या फोटोबरोबर त्याच विषयाचे तीन नाकारलेले फोटोही मागा. माझ्या मते नियम एकच ठेवायचा झाला तर हा. चांगली फ्रेम काढली होती पण निवडली भलतीच, हे त्याशिवाय कळतच नाही.

मतदान बंद करा; त्याने मावळते सूर्य जिंकतात.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि शटर-आयएसओची नोंदही जाते, मग फोटो का हलला ते कशावरून विचारायचं? डॉक्युमेंटमध्ये तारीखही राहते, जुना फोटो खपवता येत नाही. मात्र ठिकाणाची नोंदही सोबत जाते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधीच बंद करा.

रिकामीचौकट: पटलं. या आठवड्याची चिठ्ठी ‘प्रतिबिंब’. आधीच काही सांगून ठेवाल?

तिरपाउजेड: फोकस पाण्यावर किंवा काचेवर लावू नका, प्रतिबिंबावर लावा. डबकं १ मीटरवर आणि झाड त्यापुढे ८ मीटरवर असेल, तर लेन्सच्या लेखी प्रतिबिंब साधारण ९ मीटरवर असतं. एफ/२.८ला डबक्याचा काठ आणि प्रतिबिंब दोन्ही एकदम स्पष्ट येणार नाहीत. काय सोडायचं ते ठरवा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावलेला असेल तर काढा, नाहीतर प्रतिबिंबच पुसून जाऊ शकतं. आणि कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्या, उभ्याने बरंचसं आभाळच दिसतं.

चिमटा: आणि बंद चित्रांच्या यादीत आरशातली सेल्फी पहिली टाका.