मदत हवी आहे: दुर्बीण पोरो की रूफ? प्रिझमपाशी अडलोय

भिगवणला पाणपक्षी आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात रातवे बघायला दुर्बीण घ्यायचीय. बजेट १५ हजार. चष्मा आहे, त्यामुळे आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसताना डोळा आयपीसपासून किती लांब राहू शकतो ते अंतर) १६ मिमीच्या खाली नको.

सध्या जुनी ८×४० (८ पट, पुढचं भिंग ४० मिमी) पोरो, म्हणजे नागमोडी नळ्यांची, वापरतो. हातभर लांब धरून आयपीसकडे पाहिलं की उजेडाचं वर्तुळ कडेला करडं, कापल्यासारखं दिसतं. प्रिझम बहुधा बीके-७ या साध्या काचेचे. तरी मित्राच्या स्वस्त ८×४२ रूफपेक्षा (सरळ नळ्यांच्या) तीच सरस! राखी बगळ्याच्या छातीवरची लोंबती पिसं माझ्यात सुटी दिसतात, त्याच्यात पुसट. ट्रायपॉडवर लावून, डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवायची कडी) नीट जुळवूनही तेच. खोलीसुद्धा पोरोत जास्त जाणवते. पण पावसाळ्यात ती आतून धुरकटते, म्हणून वॉटरप्रूफच हवी, आणि या बजेटात बघितलेल्या तशा बहुतेक रूफच निघाल्या.

श्मिट-पेखान या प्रकारच्या प्रिझमच्या रूफमध्ये एका पृष्ठभागाला आरशाचा लेप लागतो आणि फेज कोटिंग (प्रिझममध्ये विस्कटलेल्या प्रकाशलहरी पुन्हा जुळवणारा लेप) नसेल तर बारकावे मरतात, एवढं समजलं. दुकानदार मात्र प्रत्येक डब्यावरचं ‘बॅक-४’ (प्रिझमच्या चांगल्या काचेचं नाव) दाखवून मोकळा होतो.

दोन मॉडेल्स उरलीत: एकात फेज कोटिंग आहे पण आरसा ॲल्युमिनियमचा, दुसऱ्यात डायइलेक्ट्रिक (बिनधातूच्या अनेक थरांचा, जास्त उजेड परतवणारा) आरसा, फेज कोटिंगचा उल्लेखच नाही. (दोन्ही एकत्र असलेली बजेटबाहेर.) ८ पटीला, कमी उजेडात डोळ्यांना फरक कशाने जास्त पडेल? आणि फेज कोटिंग खरंच आहे का, हे दुकानात उभ्याउभ्या कसं तपासायचं?