मदत हवी आहे : चित्र बहिणीचं, टी-शर्ट भलत्याचेच

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण दिंडीची, वारकऱ्यांची रेखाचित्रं काढून इन्स्टाग्रामवर टाकते. त्यातलं एक चित्र खरेदीच्या एका साइटवर टी-शर्टांवर विकलं जातंय. कोपऱ्यातली सही तेवढी नेमकी पुसली आहे, म्हणजे चोराला सगळं कळत होतं!

चित्र काढल्याक्षणी कॉपीराइट मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, इतपत माहीत आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांत नियम ७५ आहे. लेखी तक्रारीत तथ्य वाटलं तर ३६ तासांत मजकूर बंद करायचा; पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. अशी तक्रार कोणी केली आहे का? पुराव्याला स्क्रीनशॉट पुरतात की मूळ फाइलही मागतात?

दुसरा घोळ कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ चा. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदणीविना ५० हून जास्त नगांवर छापली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो म्हणे. हे नुसत्या चित्रालाही लागू होतं का? दिवाळीत तिला कापडी पिशव्या काढायच्या आहेत, म्हणून विचारतेय.

वकिलाच्या नोटिशीला साधारण किती खर्च येतो तेही सांगा. फक्त ‘वॉटरमार्क टाका’ म्हणू नका, चित्राची पार रया जाते.